बातम्याबाईची शाल आणि माझा काळापांढरा डबा

नाही म्हणजे नाही, डबा जागचा हलणार नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, आणि उद्या मला चौघांनी उचलून नेलं तरी दारातून मागं वळून हेच सांगेन... पण तुम्ही आत्ता येऊन टेकलात, तुम्हाला काय ठाऊक कुठला डबा आणि कोण हलवतंय! तर मग मुळापासून ऐका. एक होतं रंगाऱ्याचं घर. घरात होता म्हातारा रंगारी, म्हणजे आमचे हे. होती त्याची म्हातारी, म्हणजे मीच. होता त्यांचा एकुलता एक लेक, होती लेकाची बायको. मागच्या अंगणात होते रंगाचे हंडे, हंड्यांपलीकडे कापड वाळवायच्या दोऱ्या, आणि पुढच्या खोलीत होता टीव्ही, काळापांढरा. आता इथं 'सगळे सुखानं नांदत होते' असं म्हणायची रीत आहे, पण तुम्हीच सांगा, टीव्ही असलेल्या घरात कोण सुखानं नांदतं?

डबा कसला, चांगली लाकडी पेटी आहे, चार पायांची, पुढं सरकतं दार. दार सरकवून बटण पिळलं की आधी सगळा अंधार, मग मधोमध एक ठिपका, मग गुरगुर, आणि मग कुठं माणूस दिसायला लागतो. तापायला वेळ लागतो त्याला. मलाही लागतो. आमचं जमतं.

आणि मग निघाले रंगीत टीव्ही. गल्लीचं डोकंच फिरलं, तुम्हाला सांगते! आधी शिंपिणीनं आणला, मग डॉक्टरीणबाईंनी आणला, मग बेकरीवाल्यानं आणला आणि दुकानात असा मांडला की पाव घ्यायला गेलेलं माणूस पाव विसरून परत यायचं. आमच्या लेकाच्या पोटात दुखायला लागलं. म्हणाला, आई, रंगाऱ्याचं घर आणि टीव्ही काळापांढरा, लोक हसतात. मी म्हटलं, हसू देत, दात त्यांचे आहेत. अरे, दिवसभर माझे हात कोपरापर्यंत लाल, नखं निळी, डोळे मिटले तरी आत पिवळं नाचतं, मग संध्याकाळी डोळ्यांना जरा सुट्टी नको? न्हावी घरी गेल्यावर हौसेनं बायकोचे केस कापत बसतो का? तर म्हणे, आई, तू हट्टी आहेस. आहेच! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझा तर सुंभसुद्धा अजून जळलेला नाही. डबा जागचा हलणार नाही.

इतक्यात त्या बाईनं शाल घेतली.

कुठली बाई म्हणजे काय, टीव्हीवर संध्याकाळी बातम्या सांगते ती. तिला सगळी गल्ली बातम्याबाई म्हणते. पूर आला, आग लागली, कुणी राजीनामा दिला, सगळं ती एकाच चेहऱ्यानं सांगते, जशी काही दुसऱ्याच्या घरची भांडी पडली. तर थंडी सुरू झाली आणि ही एक दिवस खांद्यावर शाल घेऊन बसली. माझ्या डब्यात ती करडी दिसायची, ना धड गडद ना धड फिकी, तिच्या केसांहून उजळ आणि टेबलाहून काळसर. बस. पण ज्यांच्याकडं रंगीत होते त्या बायांची झोप उडाली. मग त्या दिवसापासून बातम्या कोण ऐकतंय? पूर कुठं आला कुणाला पत्ता नाही, शाल कशी घेतलीय ते सगळ्यांना पाठ!

तर आमच्याकडं कापडवाला आला. पेठेत त्याचं सगळ्यात मोठं दुकान, आमच्या हंड्यांत पडणारं निम्म्याहून जास्त कापड त्याचं. आला तो गाडीभर पांढऱ्या शाली घेऊनच आला, आणि म्हणाला, थंडी भरात यायच्या आत ह्या सगळ्या बातम्याबाईच्या रंगाच्या करून द्या. लेकानं विचारलं, कुठला रंग? तो म्हणाला, टीव्हीवर दिसतो तो. लेकाची नजर पुढच्या खोलीकडं गेली. कापडवाल्यानं पुढच्या खोलीत डोकावून बघितलं, माझा डबा बघितला आणि असा हसला, असा हसला... म्हणाला, "आंधळ्याकडं आरसा विकायला आलो की काय मी?" आणि जाता जाता दारात गोड आवाजात बोलून गेला, की तुमच्याच्यानं होत नसेल तर नदीपलीकडच्या गिरणीत देतो, तिथं एका हंड्यात आख्खं गाव बुडेल, आणि एकदा तिकडं गेलो की परत परत इकडं यायचा मला कंटाळा येतो बघा.

समजलं ना काय म्हणाला ते? ही शाल जमली नाही तर पुढचं सगळं कापड गिरणीला. आणि ते कापड गेलं तर आमचे हंडे पालथे. लेकानं त्याच दिवशी बोलून दाखवलं, की मग मी गिरणीच्या फाटकाशी उभा राहतो आणि लागतो कामाला, हंडे मोडीत घालू. आमचे हे हंड्याखालचं लाकूड आत सारत होते, त्यांनी मान वर केली नाही. फक्त लाकूड जरा जास्तच आत सारलं. आयुष्य त्या धगीपुढं गेलंय त्यांचं. मला तो लाकडाचा आवाज अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी कापडवाल्यानं स्वतःच्या घरचा रंगीत टीव्ही पाठवून दिला, बघून बघून रंग जुळवा म्हणून. आणला दोघा हमालांनी, आणि लेक त्यांना सांगतो, तो जुना उचला आणि हा तिथं ठेवा! मी माझ्या डब्यापुढं जाऊन बसले. मांडी घालून. म्हटलं, आधी मला उचला. हमाल शहाणे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि रंगीत शेजारच्या ट्रंकेवर ठेवला. डबा जागचा हलला नाही.

पण एक झालं, दोन टीव्ही शेजारी शेजारी आले. संध्याकाळी दोन्ही लावले तर दोन बातम्याबाया, एकदमच तोंड उघडतात, एकदमच मिटतात, एक करडी आणि एक रंगीत! मी मनात म्हटलं, हे कसं काय? ह्या टीव्हीला रंगीत बाई वेगळी पाठवतात आणि माझ्या डब्याला काळीपांढरी वेगळी? पण तेव्हा विचारायला वेळ कुणाला, लेक चिंध्या रंगवायला बसला होता.

आमच्या धंद्याची एक पद्धत सांगून ठेवते, पुढं लागेल. आम्ही कुठलंही ठाण रंगवायला घेतलं की आधी एक चिंधी रंगवतो, गिऱ्हाईक 'हीच' म्हणालं की ती चिंधी ठाणाच्या काठाला टाचायची. मग ठाण हंड्यात जातं, बाहेर येतं, काठाच्या चिंधीशी ताडून बघायचं, जुळलं तर दोरीवर, नाही जुळलं तर परत आत. रंग भांडला तर चिंधी सांगेल ते खरं. चिंधीला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा.

तर लेकानं टीव्ही बघून चिंधी रंगवली, शेंदरी. नेली दुकानात. तिथं बाया जमलेल्याच. शिंपीण म्हणाली, शेंदरी कुठं हो, ती तर गुलाबी आहे, चांगली गडद. लेक परत आला, गुलाबी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छे, जांभळ्याकडं झुकते ती. जांभळ्याकडं झुकवली. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, तुमचे डोळे बिडे तपासून घ्या, ती विटकरी आहे, मी रोज पाव मोजता मोजता बघते. आणि पोस्टमनची आई म्हणाली की तिच्याकडं ती शाल कधी रंगीत दिसते आणि कधी एकदम करडी होऊन जाते, वारा असेल तसं! आता सांगा, कोण खोटं बोलतंय? प्रत्येक बाई छातीला हात लावून सांगत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लेक रोज नवी चिंधी घेऊन जायचा आणि रोज तोंड पाडून यायचा. अंगणातल्या दोरीवर चिंध्या अशा लटकलेल्या, जणू शेवाळं, विटा आणि जखमा सगळं एकत्र वाळत घातलंय.

आणि मग आमच्या सूनबाईनं ती चूक केली. बोल लावत नाही हो मी तिला, गुणाची आहे, पण ही चूक रंगाऱ्याच्याच घरात होऊ शकते, दुसरीकडं कुणाला सुचणारही नाही. नवऱ्याचा चेहरा तिला बघवेना. तो हंड्याशी असताना ही एक ओली चिंधी घेऊन टीव्हीपुढं उभी राहिली, बातम्या चालू, चिंधी काचेला लावली, शाल जुळेना. टीव्हीला एक बटण असतं, हळू फिरवलं की रंग सरकतात. हिनं फिरवलं. फिरवता फिरवता शाल बरोब्बर चिंधीच्या रंगाची झाली! आली ओरडत मागच्या अंगणात, जुळला, जुळला! लेक धावत आला, बघितलं, अगदी तंतोतंत. आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी. मी एकटीच म्हणत होते, अरे, त्या बाईचं तोंड बघ, दोडक्यासारखं हिरवं पडलंय, शाल जुळली पण बाई गेली! पण काळ्यापांढऱ्या बाईचं कोण ऐकतं? त्याच रंगात भराभर निम्म्या शाली बुडवल्या, वाळवल्या, घड्या घातल्या, दुकानात पोचवल्या.

परत आल्या तशाच्या तशा. कापडवाला स्वतः आला. म्हणाला, एकही बाई हात लावायला तयार नाही, आठवड्याचा बाजार भरेल त्या सकाळपर्यंत बघतो, नाहीतर राहिलेल्या शाली आणि माझा रामराम, दोन्ही गिरणीला. आणि टीव्हीकडं बघून म्हणाला, हे काय करून ठेवलंत हो माझ्या टीव्हीला?

म्हणून झटक्याला बोलावलं. झटक्या म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा. मागचं झाकण उघडून हात घालतो, आतून फाडकन झटका बसतो, आणि हा नुसता 'हं' म्हणतो, जसं कुणी ओळखीचं भेटलं. म्हणून झटक्या. त्यानं ते बटण परत फिरवलं, बाईच्या तोंडावर रक्त आलं, आणि तो निघाला. मी म्हटलं, थांब. चहा पी आणि मला सांग, ह्या गल्लीत खरं कोण बघतंय?

तो म्हणाला, "आजी, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल."

मी म्हटलं, मला काय घाई आहे, हंडे पालथे पडायला अजून अवकाश आहे.

आधी त्यानं विचारलं, तुम्ही रंग कशातून करता? मी म्हटलं, लाल, पिवळा, निळा, बाकी सगळे त्यांची पोरं. तो म्हणाला, टीव्हीत लाल, हिरवा आणि निळा, आणि लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. आमचे हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले! लाल आणि हिरवा मिळून चिखल होतो, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण झटक्यानं माझं ओलं बोट धरलं आणि चालू टीव्हीच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवला. बघते तर थेंबात बारीक बारीक लाल, हिरवे, निळे ठिपके, मुंग्यांसारखे! पिवळ्या जागेवर पिवळं काहीच नाही, नुसते लाल आणि हिरवे पेटलेले. म्हणाला, हा उजेड आहे आजी, पाणी नाही, उजेड उजेडात मिसळला की वाढतो. बरं बाबा, म्हटलं, तुझ्या हंड्याचा कायदा वेगळा. पुढं?

तर तो मला अंगणात घेऊन गेला आणि वाळवणाची रिकामी दोरी हातात धरली. म्हणाला, टीव्ही केंद्रातला कॅमेरा चित्र बघतो ते एकदम नाही, एकेका ओळीनं, विणकराच्या मागावर आडवा धागा जातो ना तसं, आधी एक सोडून एक ओळ, मग मधल्या. आणि प्रत्येक ओळ म्हणजे ही अशी दोरीवरची लाट. त्यानं दोरी संथ हलवली, वर, खाली, वर, खाली. लाट वर गेली तिथं उजेड, खाली आली तिथं अंधार. एवढ्यावर सगळं काळंपांढरं चित्र होतं. तुमचा डबा एवढंच वाचतो.

आणि रंग? मी विचारलं.

रंग मागाहून आला आजी, तो म्हणाला. तीन रंगांची तीन चित्रं पाठवायची तर तीन दोऱ्या हव्यात, आणि दोरी एकच. शिवाय लोकांच्या घरात जुने डबे होते, ते एकदम कसे बंद पाडायचे? म्हणून शिकलेल्या लोकांनी डोकं चालवलं. तिन्ही रंग मिसळून आधी उजेड-अंधाराची जुनीच लाट करायची, त्यात हिरव्याचा वाटा मोठा, लालचा त्याहून कमी, निळ्याचा अगदी चिमूटभर, कारण आपल्या डोळ्याला तसंच उजळ वाटतं. ही लाट सगळ्यांसाठी. आणि रंगाचं जे उरलं ते... असं म्हणून त्यानं दोरी संथ हलवता हलवता बोटं अशी भराभर थरथरवली, की त्या मोठ्या लाटेच्या अंगावर बारीक शिरशिरी उठली. म्हणाला, ती शिरशिरी म्हणजे रंग. तुमच्या डब्याला ती दिसतच नाही, इतकी बारीक. दोरी तीच, लाट तीच, तिच्याच पाठीवर बसून रंग तुमच्या घरातसुद्धा रोज येतो.

थांब थांब, मला ह्याचा अर्थ लावू दे, मी म्हटलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं लोक म्हणतात, पण इथं आडात आहे आणि माझा पोहरा नको म्हणतोय! आणि ह्या सगळ्या हुशार लोकांनी एवढा खटाटोप का केला, तर माझ्यासारख्यांनी डबा हलवू दिला नाही म्हणून. लेकाला हाक मारली, म्हटलं ऐक रे, अख्खं केंद्र माझ्या डब्यापुढं वाकलं, तू कुठला कोण लागून गेलास? लेक तोंड फिरवून बसला.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढं होती. मी विचारलं, शिरशिरी एकच, मग ती लाल की निळी हे कसं कळायचं? झटक्या म्हणाला, शिरशिरी जितकी उंच तितका रंग दाट, आणि ती ठेक्यावर येते की जरा मागं पडते की आणखी मागं पडते, त्यावरून कुठला रंग ते ठरतं. मी म्हटलं, मागं पडते म्हणजे कशाच्या मागं? कुणाचा ठेका? तर तो म्हणाला, प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या आधी, चित्राच्या काठाबाहेर, जिथं आपल्याला दिसत नाही तिथं, केंद्र थोडी शुद्ध शिरशिरी पाठवतं, नुसता ठेका, चित्र काही नाही. टीव्ही तो ठेका पकडून ठेवतो आणि ओळभर त्याच्याशी ताडून बघतो. ठेका सापडलाच नाही तर रंग दाखवतच नाही, मुकाट्यानं काळंपांढरं दाखवतो. पोस्टमनच्या आईचा अँटेना वाऱ्यानं हलतो ना, तिचं तेच होतं.

तुम्हाला सांगते, मी दोरीवरची एक चिंधी ओढून हातात घेतली. काठाला टाचलेली चिंधी! आमचीच पद्धत! प्रत्येक ओळीच्या काठाला नमुन्याची चिंधी टाचून पाठवतात ते लोक, आणि आम्ही इकडं वेड्यासारखे रंग शोधतोय. मग म्हटलं, चिंधी बरोबर येते तर रंग का बिघडतो? झटक्या म्हणाला, वाटेत बिघडतो. उंच इमारतीला आपटून लाट उशिरा येते, टीव्ही जुना होतो, आतले सुटे भाग ताप धरतात, जरा उशीर झाला की शेंदरी गुलाबी होतं आणि गुलाबी जांभळं. आणि वर ते बटण. ते फिरवलं की शाल सरकत नाही आजी, काठाची चिंधीच सरकते, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी ते फिरवलेलंच असतं.

सूनबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती.

मी शेवटचं विचारलं. म्हटलं, मग खरा रंग कुणाच्या घरात?

"कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "उजेड-अंधार मात्र सगळ्यांच्या घरात सारखा. तुमच्या डब्यात जेवढं दिसतं, तेवढ्यावर गल्लीचं एकमत आहे."

आता मला सांगा, ह्या डब्याला मी का हलवू?

झटक्या गेला आणि मी लेकाला म्हटलं, एक रंग करायचा नाहीच. सगळे करायचे. शेंदरी, गुलाबी, जांभळट, विटकरी, शिंपिणीचा, डॉक्टरीणबाईंचा, बेकरीवालीचा, पोस्टमनच्या आईचा करडासुद्धा, सगळे, फक्त सगळ्यांचा दाटपणा एकच, माझ्या डब्यातल्या करड्याइतका, केसांहून उजळ आणि टेबलाहून काळसर. ज्या बाईला जो दिसतो तो तिनं घ्यावा. लेक म्हणाला, आई, तुला वेड लागलंय, कापडवाल्यानं एक रंग सांगितलाय. मी म्हटलं, कापडवाल्यानं टीव्हीवर दिसतो तो रंग सांगितलाय, आणि टीव्ही गल्लीभर आहेत. तो म्हणाला, तुझ्या हट्टापायी हंडे जाणार. असं तोंडावर बोलला. मला काय भीती वाटत नव्हती? गिरणीच्या फाटकाशी माझंच लेकरू उभं राहणार होतं ना.

तेव्हा आमचे हे उठले. कधी बोलत नाहीत, बोलले तर धंद्यातलंच बोलतात. म्हणाले, "रंग वाळल्यावर बोलावं." आणि जाऊन लहान लहान हंडे ओढून एका रांगेत लावायला लागले. एवढंच. लेकाला मुकाट्यानं लाकडं आणावी लागली.

दाटपणा जुळवायचा कसा, विचाराल. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसायचं, तुम्हाला सांगते, ना दिवस ना दिवा अशा वेळी. तेव्हा रंग कापडातून निघून जातात आणि राहतो नुसता उजळ-काळसरपणा. मी मांडीवर चिंध्या घेऊन बसायचे, आत डब्यात बातम्याबाई बोलायची, आणि मी एक डोळा तिच्या शालीवर, एक चिंधीवर. ही जास्त काळी, परत आत. ही फिकी, अजून बुडव. सूनबाई चिंध्या टाचायची आणि काठाला हात लावायच्या आधी दर वेळी मला विचारायची. शेवटी सगळ्या चिंध्या अंधारात एका आईच्या झाल्या. दिवा लावला तर सगळ्या वेगळ्या.

बाजाराच्या सकाळी शाली घेऊन लेक आणि मी दुकानात गेलो. कापडवाल्यानं गठ्ठे सोडले आणि त्याचं तोंड लेकापेक्षाही जास्त पडलं. ही काय जत्रा आणलीत म्हणाला, तोवर शिंपीण आत आली. तिनं गुलाबीवर हात टाकला. म्हणाली, हीच! मी म्हणत नव्हते? मागून डॉक्टरीणबाई, त्यांनी जांभळट उचलली, हीच! बेकरीवालीनं विटकरी गळ्यात घेऊन आरशात बघितलं, आणि आरशातूनच माझ्याकडं बघून म्हणाली, शेवटी डोळे तपासलेत वाटतं. प्रत्येकीला हीच! आणि प्रत्येकजणी दुसरीच्या शालीकडं असं बघत होती, की बिचारीला फसवलं गं. पोस्टमनच्या आईनं दोन घेतल्या, एक रंगीत आणि एक करडी, वारा असेल तशी घालायला! कापडवाला नुसता घड्या घालत होता, बोलायला त्याला सवड नव्हती.

दुपारी सगळं आटोपल्यावर तो आमच्या अंगणात येऊन लेकाला म्हणाला, अजून करा. आणि हळूच म्हणाला की गिरणीत विचारून आलो होतो मी, तिथं हंडा एवढा मोठा की एका वेळी एकच रंग, असे चार-दोन चार-दोन शालींचे रंग त्यांना परवडत नाहीत. आमचे हे लाकूड सारत होते. ह्या वेळी त्यांनी मान वर केली.

गोष्ट इथं संपायला हवी, पण मग बातम्याबाई आली.

खरंच आली हो! आमच्या अंगणात, हंड्यांच्या वाफेत, चपला हातात घेऊन. कुठूनसं तिच्या कानावर गेलं होतं. सूनबाईच्या हातातली बादली सांडली. तिचं तोंड चांगलं गव्हाळ होतं, ना हिरवं ना लाल, मला आधी ओळखच पटेना. म्हणाली, मला ती शाल हवी, मी बातम्यांत घेते ती. मी म्हटलं, बाई, ती तुमच्याकडंच आहे की. तिनं पिशवीतून काढून दाखवली. मळकट गुलाबी. धुरात टांगल्यासारखी. गल्लीतल्या एकीच्याही रंगाची नाही! मी ती घेऊन उंबऱ्यात गेले, सांज होतच आली होती, आमच्या चिंध्यांशेजारी धरली. दाटपणा? तोच. कणभर इकडं नाही की तिकडं नाही. मी लेकाकडं बघितलं. तो दोरीकडं बघत होता.

"ही ना, ही अगदीच उदास आहे," बातम्याबाई म्हणाली. "आमच्या घरी टीव्हीवर हिचा रंग काय सुंदर दिसतो. मला तो हवा."

दोरीवरच्या सगळ्या दाखवल्या. तिनं शेंदरी घेतली. म्हणाली, हीच.

तेव्हापासून आमचे हंडे थंड पडलेले नाहीत, लेकानं गिरणीचं नाव काढलेलं नाही, मागच्या अंगणात दोऱ्या वाढल्यात, आणि सूनबाई गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'कुठला रंग' असा विचारत नाही, 'कुणाच्या टीव्हीवर' असं विचारते. कापडवाल्यानं खूश होऊन तो रंगीत टीव्ही आम्हालाच देऊन टाकला. लेक म्हणाला, आई, आता तरी? मी म्हटलं, डबा जागचा हलणार नाही. बरं, म्हणाला. आणि त्यानं काय केलं, तो रंगीत टीव्ही माझ्या डब्यावर ठेवला. वर! चार पायांची चांगली लाकडी पेटी, टेबलासारखी. माझा डबा जागचा इंचभर हलला नाही, शब्द मोडला नाही कुणी, बोलायला जागा नाही.

आता संध्याकाळी वर रंगीत लागतो, खाली माझा. सगळे मान वर करून तो बघतात, मी खाली बघते. आणि आल्यागेल्याला वाटतं, म्हातारी मान खाली घालून बसलीय, नरमली बिचारी एकदाची.